सगळ्यांत नाजूक त्वचेपासून सुरुवात : घरच्या साजशृंगाराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वैशाखात माझ्या मुलाची मुंज करायचे ठरले आहे. बटू आठ वर्षांचा आहे. त्याची ताई तेरा वर्षांची असून तिला यंदा ‘खरा मेकअप’ हवा आहे. जाऊबाई गरोदर आहेत, नणंदेची मुलगी नऊ महिन्यांची आहे, सासूबाई बहात्तर वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आहे, आणि सासरे केसांना काळी मेंदी लावतात. छायाचित्रांत सगळे कुटुंब एकमेकांशी जुळणारे दिसावे अशी माझी इच्छा आहे, पण कुणाच्या त्वचेला त्रास होईल की काय अशी धास्तीही वाटते. पार्लरवाल्या ताईंनी सर्वांसाठी एकच ‘पॅकेज’ सुचवले आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक गृहिणी, नाशिक

उत्तर : सुरुवात तुमच्यापासून किंवा बटूच्या ताईपासून न करता त्या नऊ महिन्यांच्या बाळापासून करावी, असे मी सुचवेन. मुंज असो वा लग्न, घरातल्या कर्त्या स्त्रीचा साज आधी ठरतो, मग त्याला जुळेल असे इतरांचे काहीतरी शोधले जाते, आणि शेवटच्या दिवशी बाळाच्या डोळ्यांत काजळ आणि आजीच्या हातात घट्ट बांगड्या जातात. हा क्रम उलटा केला, म्हणजे ज्याची त्वचा सर्वांत नाजूक आहे त्याला काय चालेल हे आधी ठरवले, की बाकीच्यांच्या निवडी आपोआप सौम्य होतात. एकाच पॅकेजला माझा विरोध आहे तो याच कारणासाठी, कारण तेरा वर्षांच्या मुलीच्या आणि बहात्तर वर्षांच्या आजींच्या चेहऱ्यावर एकाच डब्यातले ब्लीच आणि एकच फेशियल योग्य ठरणे शक्य नाही.

मग एकमेकांशी जुळण्याचे काय? ते काम रंगावर सोपवा, प्रसाधनांवर नको. सासूबाईंच्या कपाटात त्यांची जुनी पैठणी किंवा इरकल नक्की असेल, तीच आधाराला घ्या. समजा ती आमसुली रंगाची आणि हिरव्या पदराची आहे. दुपारी चारच्या सुमारास ती खिडकीपाशी न्या आणि पदर हळूहळू हलवून पाहा. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला, तर घडीच्या वळणावर एक तिसराच रंग चमकतो. जुनी माणसे त्याला धूपछाँव म्हणतात. त्या तीन रंगांतून प्रत्येकाला एकेक रंग द्यावा. तुम्ही हिरवे नेसा, जाऊबाईंना आमसुलीचीच फिकट छटा असलेले मऊ सुती लुगडे द्या, ताईला खणाचे परकर-पोलके शिवा, तुमच्या यजमानांच्या उपरण्याला तोच काठ लावा आणि सासऱ्यांना मोतिया रंगाचा सदरा द्या. बटू विधीच्या वेळी पिवळ्या कदात किंवा सोवळ्यात असणार आणि छायाचित्रात तोच उठून दिसायला हवा, म्हणून पिवळा रंग दुसऱ्या कुणालाही देऊ नका. सगळ्यांनी एकाच ताग्यातले कापड घेतले की ती शाळेची कवायत वाटते, असे माझे मत आहे.

आता बाळाकडे वळू. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये, विकतचे नको आणि घरचेही नको. विकतच्या काही काजळांत आणि सुरम्यांत शिसे आढळले आहे, आणि लहान मुलाच्या शरीरात शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नसते. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळीत शिसे नसले, तरी बोटाने ती घालताना जंतू डोळ्यांत जातात आणि अश्रूंचा बारीक मार्ग तुंबू शकतो. त्या काजळात कापूर घालण्याची पद्धत असेल तर आणखी सांभाळा, कारण तान्ह्या मुलांना कापूर बाधतो. सासूबाईंचा तिटीसाठी आग्रह असेल तर तो मोडण्याची गरज नाही. गालावरची तीट बाळ हाताने पुसते आणि तोच हात तोंडात घालते, म्हणून ती कानामागे लावावी. ही जागा परंपरेलाही मान्य आहे. कपाळाला शेंदूर मात्र लावू नका. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे संयुग असते, आणि मारुतीच्या दर्शनाला गेल्यावर मूर्तीवरचा शेंदूर मुलांच्या कपाळी टेकवण्याची आपली सवय या एका कारणासाठी सोडण्यासारखी आहे. बाळाच्या अंगाला पावडरही नको, कारण तिची बारीक भुकटी श्वासावाटे छातीत जाते. आमसुली काठाचे मऊ सुती झबले घातलेत की बाळाचा साज पूर्ण झाला. डोक्याला टोचणारे मण्यांचे पट्टे नकोत, आणि ओढून तोंडात जाईल असे काहीही गळ्यात नको.

बटूची गोष्ट वेगळी आहे, कारण मुंजीत त्याचे क्षौर होते आणि आठ वर्षे केसांखाली झाकलेली टाळू एकदम उघडी पडते. केस कापणाऱ्याकडे नवे पाते हवे आणि ते तुमच्यासमोर पाकिटातून काढलेले असावे. वापरलेल्या पात्यावरून कावीळ ब आणि क या दोन्हींचा संसर्ग होऊ शकतो. क्षौरानंतर अल्कोहोल असलेले आफ्टरशेव्ह आणि तुरटीचा जोरदार घासा दोन्ही टाळा. कोमट पाणी, सौम्य साबण आणि टिपून कोरडे करणे एवढे पुरेसे आहे. वैशाखातल्या नाशिकच्या उन्हात ही कोवळी टाळू अर्ध्या तासात लाल होऊ शकते, म्हणून मंडपाबाहेर जाताना उपरणे डोक्यावर घ्या आणि मुलांसाठीचे बिनसुगंधी सनस्क्रीन लावा. गंधासाठी बाटलीतल्या द्रवापेक्षा सहाणेवर उगाळलेले चंदन बरे. मुंडावळ्यांची तार कपाळाला लागत असेल तर तिच्यामागे मऊ सुती फीत शिवून घ्या. हळद लावण्यासाठी बाजारची सुटी पूड आणू नका, कारण ती पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी तिच्यात लेड क्रोमेट मिसळल्याचे आढळले आहे. अख्खी हळकुंडे आणून घाण्याच्या वेळी घरीच कुटलीत, तर विधीही होईल आणि खात्रीही राहील.

ताईच्या ‘खऱ्या मेकअप’ला नाही म्हणू नका. नाही म्हटले तर ती मैत्रिणीच्या डब्यातले लावून येईल. या वयात त्वचा तेलकट होत असते आणि जाड फाउंडेशनने पुळ्या वाढतात, म्हणून चेहऱ्यावर फक्त हलके मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन असू द्या. ओठांना आमसुली झाक असलेला लिप बाम लावा, हवा असेल तर केसांत अबोलीचा गजरा माळा आणि नखांना एक रंग द्या. ब्लीच, वॅक्सिंग आणि केसांचे रसायनाने सरळीकरण हे तीनही या मुंजीत टाळावे. चमकी हवीच असेल तर ती सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जाणारी असावी. शाळेच्या हस्तकलेची चमकी धातूची किंवा प्लॅस्टिकची, टोकदार कडांची असते आणि ती डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडा उठतो.

जाऊबाईंनी सध्या चेहऱ्याला काय लावतात ते एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवावे. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अडापालीन आणि हायड्रोक्विनोन ही नावे ज्या क्रीमवर आहेत ती गरोदरपणात बाजूला ठेवावीत. गरोदरपणी गालांवर वांग उमटू लागतात. ते घालवण्याच्या घाईत बायका नेमके हेच घटक असलेली क्रीम आणतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. वांगावर या दिवसांत उन्हापासून बचाव हाच उपाय आहे, आणि त्यासाठी झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन चालते. त्यांच्यासाठी साधे लुगडे सुचवले त्यालाही कारण आहे, कारण होमाच्या धगीत तासन्तास भारी जरीचे वजन त्यांना सोसायचे नाही.

सासूबाईंच्या बाबतीत मला सर्वांत जास्त चिंता बांगड्यांची वाटते. वय झाले की हाताच्या मागची त्वचा कागदासारखी पातळ होते, आणि मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. कासाराकडे चुडा भरताना नेहमीपेक्षा एक माप मोठ्या बांगड्या घ्या, हाताला साबणाचे पाणी लावा आणि मनगटापर्यंत पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यावरून बांगडी सरकवा. भुवया कोरताना त्वचा ओढली जाते, ते टाळून कात्रीने केस नीट करता येतात. पायांची टाच पात्याने खरवडणारे पेडिक्युर त्यांना अजिबात नको. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अलीकडेच झाली असेल, तर डोळ्यांचे डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोळ्यांच्या आसपास काहीही लावू नका. त्यांच्या पैठणीला फक्त कुंकू आणि नथ पुरे आहे, आणि तेच सर्वांत देखणे दिसेल.

सासऱ्यांची काळी मेंदी हा गंभीर विषय आहे. पानांच्या खऱ्या मेंदीने केस काळे होत नाहीत, तांबूस होतात. काळा रंग देणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पॅराफेनिलिनडायअमिन हे रसायन असते आणि अनेक वर्षे काही न होता एखाद्या दिवशी त्याची ॲलर्जी उद्भवू शकते. रंग लावायचाच असेल, तर तयार केलेल्या रंगाचा थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहा आणि मुंजीच्या किमान दोन आठवडे आधी केस रंगवून टाका, म्हणजे काही झालेच तर उपचाराला वेळ मिळेल. मोतिया सदऱ्यावर पांढरे केस मला स्वतःला अधिक रुबाबदार वाटतात. हे त्यांना जरूर सांगा, निर्णय मात्र त्यांचा त्यांना घेऊ द्या.

नवीन आणलेल्या प्रत्येक वस्तूची अशीच चाचणी सगळ्यांनी तीन आठवडे आधी करावी. लाली, पुळ्या किंवा खाज कधी कधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठते, त्यामुळे ४८ तासांनंतर सगळे ठीक दिसले तरी आणखी दोन दिवस जागेवर लक्ष ठेवावे. फेशियल करायचेच असेल तर ते निदान दहा दिवस आधी उरकावे.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलेली आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एका लग्नघरी मी वधूला आणि तिच्या तिघी बहिणींना एकाच काजळपेन्सिलीने काजळ घातले. एकीचा डोळा सकाळपासून चुरचुरत होता, ते मी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी वरातीच्या वेळी चौघींचे डोळे लाल होते आणि वधू काळा चष्मा लावून सासरी गेली. त्या घरची माणसे मला एक शब्दही बोलली नाहीत, आणि म्हणूनच ते अजून बोचते. तेव्हापासून डोळ्यांचे आणि ओठांचे प्रसाधन मी कुणाचे कुणाला लावत नाही. एकाच लिपस्टिकचा रंग दोघींना हवा असेल तर ती स्वच्छ चमच्याने खरवडून वेगळ्या वाटीत घ्यावी आणि प्रत्येकीला वेगळा ब्रश वापरावा, कारण ओठांवर येणारे तापाचे फोड याच वाटेने पसरतात. मस्करा उघडून तीन महिने झाले असतील तर तो टाकून द्यावा. पार्लरवाल्या ताईंना ही अट आधीच सांगा, चांगल्या ताई रागावणार नाहीत.

आणि होमकुंडाचे भान ठेवा. केसांचा स्प्रे पेट घेतो, म्हणून तो लावायचाच असेल तर मुहूर्ताच्या बराच आधी आणि दिव्यांपासून दूर लावावा. पॉलिएस्टर आणि नायलॉनचे कापड जळताना वितळून त्वचेला चिकटते, त्यामुळे होमाजवळ बसणाऱ्यांच्या अंगावर सुती किंवा खरे रेशीमच असावे, आणि लोंबणारा पदर कमरेला खोचलेला असावा.

प्रश्न : गेल्या वर्षी जत्रेत माझ्या मुलीने हातावर काळ्या मेंदीचे नक्षीकाम काढून घेतले. पाच दिवसांनी नक्षीच्या रेषांवरच फोड उठले, आणि ते बरे झाल्यावरही फिकट रेषा कित्येक महिने दिसत होत्या. आता तिच्या मावसबहिणीचे लग्न आहे आणि सगळ्या बहिणींनी सारखी मेंदी काढायची ठरवली आहे. तिला साधी मेंदी चालेल का?
— एक आई, सांगली

उत्तर : डॉक्टरांनी तपासल्याखेरीज चालेल असे मी म्हणणार नाही. तुम्ही वर्णन केलेला प्रकार, म्हणजे काही दिवसांनी नेमक्या रेषांवर आलेले फोड, वरच्या उत्तरात ज्याचा उल्लेख केला त्या पॅराफेनिलिनडायअमिनच्या ॲलर्जीशी जुळतो. केसांच्या रंगात या रसायनाला मर्यादित प्रमाणात मुभा असते, मात्र त्वचेवर थेट लावण्यास अमेरिकेत आणि युरोपीय संघात परवानगी नाही. जत्रेतल्या काळ्या मेंदीत ते किती घातले आहे याला कसलाच धरबंध नसतो. एकदा शरीराने या रसायनाशी वैर धरले की ते सहसा जन्मभर टिकते. तुमच्या मुलीने पुढे कधी केस रंगवले, तर चेहरा आणि डोळे सुजण्याइतकी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. काही कापडांच्या गडद रंगांशी आणि बधिर करण्याच्या काही मलमांशीही हा संबंध लागतो. ही नोंद तिच्या वैद्यकीय कागदांत करून ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांनाही सांगा.

खऱ्या मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि त्याची ॲलर्जी विरळ आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर चिकटपट्ट्या लावून चाचणी केली आणि हरकत नाही असे सांगितले, तरच पुढे जा. मेंदीही घरी भिजवलेलीच असावी. राजस्थानातल्या सोजतची किंवा कोणतीही निव्वळ पानांची पूड मलमलीतून चाळावी, लिंबाचा रस आणि थोडी साखर घालून रात्रभर भिजवावी आणि सकाळी कोन भरावेत. त्यात लवंगतेल घालण्याची पद्धत आहे, तुमच्या मुलीसाठी ते नको. ओळखण्याची खूण साधी आहे. खरी मेंदी पाच-सहा तास हातावर राहिल्यानंतर खरवडली की रंग केशरी असतो आणि तो दीड-दोन दिवसांत गडद तपकिरी लाल होतो. तासाभरात काळा रंग देणारा कोन तसाच परत करावा. भिजवलेली खरी मेंदी बाहेर ठेवली तर दोन दिवसांत खराब होते, तेव्हा महिनोन्‌महिने दुकानात टिकणाऱ्या कोनात आणखी काय असेल याचा विचार आपणच करायला हवा.

आणि डॉक्टरांनी नको म्हटले तर? मग मुलीला एकटीला मोकळ्या हातांनी उभे करू नका. सगळ्या बहिणींना मेंदीऐवजी, किंवा मेंदीबरोबरही, मनगटाला मोगऱ्याचा सर बांधायला सांगा. गोव्यात अबोलीचे वळेसर केसांत माळतात, तसाच बारीक सर हातालाही सुरेख दिसतो. छायाचित्रात सगळ्यांच्या हातांना एकच पांढरी रेघ येईल आणि कुणाच्या तळव्यावर नक्षी आहे नि कुणाच्या नाही, हे कुणी शोधणार नाही. फुले आणल्यावर पाण्याने झटकून घ्या, त्यांत बारीक किडे असतात.

प्रश्न : मी रोज गोंद लावलेली टिकली लावते. कपाळावर नेमकी टिकलीएवढी पांढरी जागा झाली आहे. घरातल्या तिघी-चौघी त्याच पाकिटातल्या टिकल्या लावतात. हे कोड आहे का? आणि सणाला सर्वांनी काय लावावे?
— एक वाचक भगिनी, अमरावती

उत्तर : टिकली आजपासून बंद करा आणि या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना भेटा, कारण हे कोड आहे की संपर्कामुळे रंग गेला आहे हे डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते. काही टिकल्यांच्या गोंदात पॅराटर्शरी ब्यूटिलफिनॉल हे रसायन असते आणि ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना इजा करते. बहुतेकींना आधी खाज सुटते, मग जागा लाल होते, मग फिकी पडते, आणि पहिल्या दोन पायऱ्यांकडे दुर्लक्ष होते. वेळीच थांबले आणि उपचार घेतले तर पुष्कळदा रंग परत येतो, पण उशीर झाला तर तो येईलच असे नाही. घरातल्या इतर जणींना अजून काही झालेले नसले, तरी त्यांनी रोज बारा तास टिकली ठेवू नये, रात्री ती काढून कपाळ धुवावे, आणि खाज सुटताच ते पाकीट टाकून द्यावे.

सणासाठी आपल्या आज्यांची रीत पुन्हा आठवण्यासारखी आहे. फणीकरंड्याच्या पेटीत मेणाची डबी असे. बोटाच्या टोकाने कपाळावर मेणाचे गोल बोट टेकवायचे, त्यावर पिंजर दाबायची आणि कडेची भुकटी झटकायची. मेणामुळे कुंकू टिकते आणि त्वचेशी त्याचा थेट संबंधही कमी येतो. मात्र पिंजर हळदीची हवी. हळदीत चुन्यासारखा क्षार मिसळला की ती लाल होते, त्याचेच कुंकू करतात. बाजारात केवळ रंगांच्या पुड्याही कुंकू म्हणून मिळतात. चिमूटभर कुंकू पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. हळदीचे असेल तर ते डोळ्यांदेखत पिवळे पडते, नुसताच रंग असेल तर लालच राहतो. थोडी हळद आणि थोडा रंग अशी भेसळ यातून पुरती कळत नाही, म्हणून पिवळे पडलेल्या कुंकवाचीही कोपराजवळ चाचणी घ्या. तुमच्या स्वतःच्या कपाळाला मात्र डॉक्टर सांगेपर्यंत हळदीचे कुंकूही नको. तोवर भांगात थोडेसे लावलेत तरी सर्वांशी जुळेल.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला गणपतीत नऊवारी नेसवून आम्हा मायलेकींचा सारखा साज करायचा आहे. तिचे नाक टोचलेले नाही. चुंबकाची नथ चालेल का?
— एक आई, ठाणे

उत्तर : नाही. तिच्यासारख्या लहान मुलांच्या बाबतीत यात काही पर्याय शोधू नका. नथीचे दोन चुंबक नाकपुडीच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात, ते आत सरकले तर मधल्या पडद्यावर दाब येऊन तिथे भोक पडू शकते. मुलीने ते गिळले तर आतड्याच्या दोन वळणांत सापडून आतडे फाटण्याची भीती असते आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. चापाची हलकी नथ छायाचित्रापुरती दहा मिनिटे घाला आणि लगेच काढा. धातूमुळे नाक लाल होत असेल तर तो निकेलचा परिणाम असू शकतो, तेव्हा चांदीची किंवा सोन्याची घ्यावी. सारखेपणासाठी दोघींच्या अंबाड्यावर एकच खोपा आणि एकाच गुंडीचे गजरे पुरेत.

प्रश्न : आम्ही दुबईत राहतो. दीराच्या लग्नाला सगळे पुण्यात जमणार आहोत. सासरची मंडळी गोरी आहेत, मी आणि माझी मुलगी सावळ्या. छायाचित्रात सगळे एकसारखे दिसावे म्हणून एका नातेवाईक बाईंनी डबीतले गोरेपणाचे क्रीम दिले आहे, त्यावर नाव-गाव काहीच नाही. ते आम्ही दोघींनी लावावे का?
— एक वाचक, दुबई

उत्तर : ती डबी उघडूही नका. भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे प्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, तुकडीचा क्रमांक आणि वापरण्याची मुदत असणे बंधनकारक आहे. डोळ्यांच्या आसपासची प्रसाधने सोडली तर इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. बिननावाच्या डबीला यातले काहीच लागू होत नाही. पारा त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडे अशाच क्रीममुळे बिघडल्याचे काही वर्षांपूर्वी उघड झाले होते, तेव्हा हा धोका एकट्या व्यक्तीचा राहत नाही, टॉवेल आणि उशीवरून तो घरभर पोचतो. काही डब्यांत पाऱ्याऐवजी स्टिरॉइड असते. त्याने पहिले दोन आठवडे चेहरा उजळतो आणि मग त्वचा पातळ होऊन पुळ्या, लाली आणि नको तिथे केस येतात. अशी मलमे भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, त्याचे कारण हेच. तुमच्या मुलीने आधीच लावायला सुरुवात केली असेल तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आता छायाचित्राचे पाहू. एकाच घरातले सावळे आणि गोरे चेहरे एकत्र शोभत नाहीत असे मला तीस वर्षांत कधी वाटले नाही, शोभत नाही तो चुकीचा फाउंडेशन. तो मनगटावर लावून पाहू नका, जबड्याच्या कडेला तीन छटांच्या रेघा ओढून दिवसाच्या उजेडात बाहेर या, जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. मानेपर्यंत तीच छटा न्या. झिंक किंवा टायटॅनियमचे सनस्क्रीन आणि अति बारीक पांढरी पावडर फ्लॅशखाली पांढरट झळकतात आणि सावळ्या चेहऱ्यावर ती झळक जास्त दिसते. त्यामुळे संध्याकाळच्या विधीपूर्वी घरीच फ्लॅश लावून एक छायाचित्र काढून पाहा. छायाचित्रकारांना आधी सांगून ठेवा की प्रकाश गोऱ्या चेहऱ्यांवर न मोजता तुम्हा दोघींच्या चेहऱ्यांवर मोजा. चांगला छायाचित्रकार हे लगेच समजतो. सासरच्या मंडळींनी फिकट गुलाबी ठरवले असेल तर तुम्ही त्याच रंगाच्या गडद टोकाकडे जा, राणी किंवा गुलबक्षी नेसा. मुलीला त्याच काठाचा अंजिरी परकर शिवा आणि कपाळाला लाल कुंकू लावा. सावळ्या कपाळावर ते जितके खुलते तितके इतर कुठेच खुलत नाही.